आफ्रिकेचा संत्रा, जामचं पाणी

मागच्या महिन्यात पांढुर्ण्यात जुन्या जिनिंग कामगारांचा एक छोटा मेळावा झाला. शाल, नारळ अन् चहा, बऱ्याच जणांना बिनसाखरेचा. तिथे एका तरुण वक्त्याने माझ्याकडे हात करून सांगितलं की ऐंशीच्या दशकात, इथल्या माणसाला नागपूरच्या पुढचं जग माहीत नव्हतं तेव्हा, या गृहस्थांनी दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या कामगारांसाठी आवाज उठवला होता. टाळ्या वाजल्या. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. या मान खाली घालण्याचा मला आयुष्यभर फार फायदा झालेला आहे. बोलावं लागत नाही, अन् लोक त्यातून काय ते चांगलंच समजून घेतात.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "तुमी आफ्रिकेचं काई केलं होतं, हे मले कधी सांगितलं नाई."

"सांगण्यासारखं नव्हतं," मी म्हटलं.

त्या दिवसभरात मी बोललेलं हे एकच वाक्य खरं होतं.

तेव्हा मी पांढुर्ण्याच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर कारकून होतो. कापसाची गाडी यायची, मी वजन करायचो. आमचं घर सौंसरजवळ बोरगावला, तिथे वडिलांचा लहानसा संत्र्याचा बगीचा. मी पांढुर्ण्यात खोली करून राहायचो, बी.ए. झालेलो होतो, अक्षर बरं होतं अन् दुसरं कोणी तयार नव्हतं, म्हणून युनियनचा सेक्रेटरी झालो. मला मात्र वाटायचं की इतिहासानेच मला निवडलं आहे. खांद्याला झोळी लावायचो. झोळीत क्रांतीचं साहित्य असावं असा लोकांचा समज होता. त्यात सहसा पोळीभाजीचा डबा असायचा.

अध्यक्ष प्रेसवर होते, म्हणजे जिथे रुई दाबून गाठी बांधतात तिथे. आडवा बांधा, भरदार आवाज, राहायला नदीपलीकडे सावरगावात. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. भाऊंना जगातली कुठलीही गोष्ट एकदा समजावून दिली की ती ते माझ्यापेक्षा चांगली सांगायचे. म्हणून मी त्यांना फार काही समजावून देत नसे.

अशात एका हंगामात, दिवाळीनंतर जिनिंग सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील, युनियनच्या नागपूरच्या ऑफिसातून निरोप आला. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांचं राज्य काळ्या कामगारांना माणसासारखं वागवत नाही, सगळ्या देशांतल्या कामगारांनी त्यांच्या पाठीशी उभं राहायचं आहे, तेव्हा प्रत्येक शाखेने निषेध दिन पाळावा अन् त्या देशाच्या मालावर बहिष्कार घालावा. मी कमिटीची बैठक लावली.

"आफ्रिका म्हंजे कोण्या साइडले?" एकाने विचारलं.

"समुद्रापलीकडं."

"म्हंजे मुंबईच्या पुढं."

"बम पुढं," मी म्हटलं. मी तेव्हा मुंबईसुद्धा पाहिली नव्हती.

भाऊ म्हणाले, "बहिष्कार कायच्यावर टाकाचा ते सांग."

"सोनं."

"ते आपण तसंबी घेत नाई. अजून?"

"डब्यातले पदार्थ. अन् फळं. तिथला संत्रा बाहेरदेशी फार जाते."

मग सगळी खोली हसली. पांढुर्ण्यात त्या दिवसांत आंबिया बहाराची तोडणी चालू होती. स्टेशनच्या बाहेर संत्र्याच्या पेट्यांवर पेट्या होत्या, निम्म्या कमिटीच्या खिशात संत्रा होता, अन् ज्याने सगळ्यात जोरात हसून दाखवलं तो हसताना संत्राच सोलत होता.

"बाप्पा, इथून संत्रा दिल्लीले जाते, कलकत्त्याले जाते," तो म्हणाला. "इथं बाहेरून आणून कोन इकून राहिला?"

तेव्हा भाऊ गंभीर झाले. "प्रश्न संत्र्याचा नाई. तत्त्वाचा आहे."

हे वाक्य माझं होतं. बैठकीच्या आधी चहा पिताना मी त्यांना दिलं होतं. त्यांच्या आवाजात ते इतकं मोठं झालं की माझंसुद्धा मन भरून आलं. आमच्याकडे आफ्रिकेचा संत्रा मिळतच नव्हता, म्हणून ठराव असा झाला की निषेधाच्या दिवशी कुठलाच संत्रा कोणी खायचा नाही. एकाने विचारलं, मोसंबी चालते काय. त्यावर चर्चा झाली. मोसंबी चालते असं ठरलं.

सुटीच्या दिवशी बोरगावला गेलो तेव्हा हे मी वडिलांना मोठ्या अभिमानाने सांगितलं. ते झाडाखाली बसून बुडं खुरपत होते. "आपल्या संत्र्यानं कोनाचं काय बिघडवलं?" एवढंच ते म्हणाले, अन् पुढच्या झाडाकडे सरकले.

त्याच बैठकीत दुसराही एक विषय होता. तो सांगण्याआधी आमच्या पाण्याची रीत सांगितली पाहिजे.

जिनिंगच्या आत रुईचे तंतू हवेत तरंगत असतात. नाकात, डोळ्यांत, पापण्यांवर. घसा सारखा कोरडा पडतो, अन् रेच्यावर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावर असलेल्या माणसाला जागा सोडता येत नाही. म्हणून एक पाणीवाली बाई असायची. जाम नदीच्या काठी आमची विहीर होती. ती तिथून पाणी आणून बाहेरच्या माठांत भरायची अन् बादली घेऊन आत एक फेरी मारून यायची. बादलीत पितळेचा लोटा. सगळे त्या एका लोट्याने वरून घोट घेत प्यायचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत पांढुर्णा अन् सावरगाव जामच्या दोन काठांवरून एकमेकांची डोकी फोडतात, तीच डोकी हंगामात त्याच लोट्याखाली शेजारी शेजारी असायची. याचं मी भाषणात नेहमी कौतुक करायचो. कामगारांची एकजूट म्हणायचो.

फक्त स्टेशनपलीकडच्या बौद्ध वस्तीतली जी माणसं होती, हमाल अन् रेच्यावरच्या बाया, त्यांच्यापाशी आली की पाणीवाली लोटा हातात देत नसे. ते ओंजळ धरायचे, ती वरून पाणी टाकायची. कोणी तसं सांगितलेलं नव्हतं.

इथे मी लिहिणार होतो की इतके हंगाम काढूनही हे मला कधी दिसलं नाही. खोडलं. दिसत होतं. बरोबर वाटत होतं असंही नाही. माझं काम काट्यावर होतं, अन् हे काट्यावर येत नव्हतं.

त्या हंगामात जुनी पाणीवाली लेकीकडे राहायला गेली अन् जागा रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी रेच्यावरची एक बाई माझ्या काट्याजवळ येऊन उभी राहिली. बौद्ध वस्तीतली, माझ्या आईच्या वयाची, नवरा वारलेला, घरी शाळेत जाणाऱ्या दोन मुली. जीभ अशी की मुकादमसुद्धा तिच्या रेच्यापाशी रेंगाळत नसे. त्या वयाच्या बाकी बायांना मी मावशी म्हणायचो. तिला बाई म्हणायचो. हे मला लिहिताना आठवलं. तेव्हा ते आपोआप व्हायचं.

"बाबू," ती म्हणाली, "पाण्याचं काम मले लावून द्या."

"काऊन? रेच्यावर काय त्रास आहे?"

ती खोकली. मुद्दाम नव्हे, खोकला आला म्हणून. बराच वेळ खोकली, पदराने तोंड पुसलं. "सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हणते, रुईपासून दूर राहा. म्या म्हटलं, पोट तं रुईतच आहे. पाणीवाली बाहीरच्या बाहीर असते, आत फेरी मारली का झालं. या कामावर टिकून जाईन. नाईतर हा हंगाम काई माझ्यानं निघत नाई."

मी मॅनेजरकडे गेलो. तो बाहेरचा माणूस, त्याला भांडण नको होतं. "जिसको आप लोग बोलो, रख लेंगे," तो म्हणाला. म्हणजे मालकाने अडवलं असं म्हणायची सोयही उरली नाही. निर्णय युनियनचा होता. निर्णय आमचा असण्याची आम्हाला सवय नव्हती.

बैठकीत आफ्रिकेचा विषय पहिला होता अन् पाण्याचा दुसरा. मोसंबीवरून सगळे उठायच्या बेतात असताना मी दुसरा विषय काढला.

"मले काई नाई," भाऊ म्हणाले. "माझ्या मनात असं काई नसतेच."

"मलेबी काई नाई," संत्रा सोलणारा म्हणाला. "फक्त घरी समजलं तं बुढी घरात घेणार नाई."

"मले काई नाई, पण बाकीचे लोकं पाणी सोडून देतीन. मंग काम कसं होईन?"

कोणालाच काही नव्हतं. एकेकाने तसं स्वच्छ सांगितलं. कमिटीत बौद्ध वस्तीतला एक हमाल होता, तो असता तर काहीतरी बोलला असता. पण बैठक नेमकी त्याच्या पाळीत आली होती. योगायोग. तो योगायोग मीच लावला होता, कारण मला ठाऊक होतं की दुसरा विषय निघणार, अन् तो असला तर आम्हाला एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागेल.

शेवटी भाऊ माझ्याकडे वळले. "सेक्रेटरी, तुझं काय म्हणणं?"

तोपर्यंत मी अर्धा तास जगातल्या अन्यायावर बोललेलो होतो. मी म्हटलं, "आधी आफ्रिकेचा दिवस होऊन जाऊ द्या. मग पाहू."

सगळ्यांना हे पटलं. मला वाटतं, आमच्या युनियनमध्ये इतकं एकमत दुसऱ्या कुठल्या गोष्टीवर झालं नसेल.

तिने दुसऱ्या दिवशी विचारलं, "काय झालं, बाबू?"

"विषय घेतला आहे, बाई."

"घेतला म्हंजे कुठं ठेवला?"

"विचाराधीन आहे."

"ते काय असते?"

"म्हणजे होईल."

"मंग होईन म्हणा ना. खोकला काई विचाराधीन रायत नाई." अन् ती रेच्यावर गेली. पाण्याची बादली तोवर ज्याला वेळ मिळेल तो आणून ठेवत होता.

निषेधाचा दिवस आला. दुपारी पाळी बदलताना फाटकापाशी सभा. बांधलेल्या गाठी रचून आम्ही मंच केला होता, वर लाल कापड. मी रात्री आरशासमोर भाषण म्हणून पाहिलं होतं, अन् आरशातल्या माणसाने मला खूपच प्रभावित केलं होतं. गर्दी बरी होती. पुढे बाया बसल्या होत्या, त्यात तीही होती. कोणाच्या हातात संत्रा नव्हता. एकाच्या खिशाला फुगवटा होता, पण ती मोसंबी असू शकते असं मी मनाला सांगितलं.

वर्तमानपत्रात वाचलेलं एक मी राखून ठेवलं होतं, शेवटी टाकायला. ते टाकलं. "बंधूंनो अन् बहिणींनो, तिथे पाण्याचा नळसुद्धा वेगळा आहे. गोऱ्यांचा वेगळा, काळ्यांचा वेगळा. ज्या नळाचं पाणी गोरा पितो त्याला काळ्या मजुराने हात लावायचा नाही. माणसाने माणसाला पाण्यासाठी असं वागवावं?"

मी थांबलो. टाळ्यांसाठी जागा सोडली होती. टाळ्या आल्या नाहीत. पुढच्या बाया माझ्याकडे बघत होत्या. मागचे हमाल एकमेकांकडे बघत होते. भाऊ आपल्या चपलेकडे. काय झालं ते मला एकदम कळलं, अन् त्याबरोबर घसा असा कोरडा पडला की पुढचं वाक्य निघेना.

तेव्हा ती उठली. घाई केली नाही. माठापाशी गेली, पितळेचा लोटा बुडवून भरला, अन् गर्दीतून वाट काढत मंचापाशी आली. हात वर करून तिने लोटा माझ्यापुढे धरला.

"घ्या, बाबू. घसा कोरडा पडून राहिला तुमचा."

मी लोटा घेतला. इथवर ठीक होतं. लोटा काठोकाठ भरलेला, पाणी थंड, पितळेतून हाताला लागत होतं. मी प्यायलो असतो तर काय झालं असतं, याचा मी त्यानंतर इतका विचार केला आहे की आता मला उत्तर पाठ आहे. काही झालं नसतं. दोन-चार लोक कुरकुरले असते. बोरगावला बातमी गेली असती, आई दोन दिवस बोलली नसती. सेक्रेटरी प्याला म्हटल्यावर बाकीचे महिनाभरात प्याले असते. तहान लागतेच. अन् ती हंगामभर बाहेरच्या माठांपाशी राहिली असती.

मला तहान लागलेली होती. हेही सांगितलं पाहिजे.

मी मंचाच्या कडेला गेलो, वाकलो, अन् त्या पाण्याने तोंड धुतलं. नीट, सावकाश धुतलं. डोळ्यांवर पाणी मारलं, मानेवरून हात फिरवला, झोळीने पुसलं.

"तापला बाबू," मागून कोणीतरी म्हणालं, अन् सभेचा जीव भांड्यात पडला. लोक हसले, टाळ्याही वाजल्या. मी शेवटची घोषणा दिली. घसा तसाच कोरडा होता, त्यामुळे आवाज फाटून रेच्याचा पट्टा निसटावा तसा निघाला. आफ्रिकेतल्या कामगारांच्या एकजुटीचा विजय असो.

तिने रिकामा लोटा माझ्या हातातून घेतला. आत पाहिलं. मग जवळच्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "बाबू, ते आफ्रिकेचं नव्हतं. आपल्या जामचंच होतं."

जवळचे हसले. मीही हसलो. माझं हसणं सगळ्यांत मोठं होतं.

त्या दुपारी कोणीतरी तो लोटा विहिरीवर राखेने घासून आणला. कोणी घासला ते मी विचारलं नाही. आठवड्याभरात पाण्याच्या कामावर भाऊंची भावजय लागली. तिचं नाव मॅनेजरला कळवायला मीच गेलो. तिला मी मावशी म्हणायचो. हंगाम संपेपर्यंत रेच्याच्या आवाजातून तो खोकला मला काट्यावर ऐकू यायचा. ऐकू येणं शक्य नव्हतं, इतका आवाज असायचा आत. तरी यायचा.

पुढच्या दिवाळीनंतर ती कामावर आली नाही. मी त्या कमिटीतल्या हमालाला विचारलं. तो पाठीवर गाठ घेऊन चालला होता, थांबला नाही. "संत्र्याच्या कामाले जाते आता, सौंसरकडं. रोज मिळते तं मिळते, नाई तं नाई."

अन् मग तिला मी पाहिलं ते आमच्याच बगीच्यात. आमचा बहार एका व्यापाऱ्याने घेतला होता. त्याने तोडणीला टेम्पोतून माणसं आणली होती. मी सुटीवर घरी होतो. झाडांखाली बाया बसून संत्रा निवडत होत्या, मोठा एकीकडे, लहान एकीकडे, डागी तिसरीकडे, अन् तणस घालून पेट्या भरत होत्या. कडेला ती होती. वाळली होती, पण हात झपाझप चालत होते.

"पाणी दे रे त्याईले," वडील व्यापाऱ्याजवळून ओरडले.

आमच्याकडे मजुरांना पाणी द्यायची रीत जिनिंगसारखीच होती. किंवा जिनिंगची आमच्यासारखी होती. मी घरात गेलो अन् घरातला लोटा घेतला, आम्ही प्यायचो तो. छाती धडधडत होती. एवढ्या धडधडीने माणसं सरहद्दीवर जातात. मी सरळ तिच्यापाशी गेलो.

"मावशी, पाणी घ्या."

तिने वर पाहिलं. ओळखलं. "मावशी कवापासून झाली मी?"

मी लोटा आणखी पुढे केला. "हातात घ्या. वरून नाही टाकत मी."

"म्हणून तं नको." तिच्या बाजूला एक तेलाचा जुना डबा होता, दोरीची कडी लावलेला, ओलं फडकं गुंडाळलेला. तिने त्यावर हात ठेवला. "मी आपलं आणत असतो घरून. आता या साऱ्या पाह्यतीन, मंग तुमचे बाबा पाह्यतीन, मंग तुमी तोंड धुऊन घ्याल."

शेजारची बाई खुदकली. तिला गोष्ट ठाऊक असावी. बहुतेक सगळ्या वस्तीला ठाऊक होती.

तिने डागी ढिगातला एक संत्रा उचलला, सोलला, अर्धा माझ्यापुढे केला. "खाता काय? का बंदी आहे अजून?"

मी लोटा डाव्या हातात घेऊन तो संत्रा तिथेच उभ्याने खाल्ला. वडिलांच्या देखत खाल्ला. गोड होता. अन् खाताना मला वाटलं की चला, काहीतरी केलं आपण. शेवटची फोड तोंडात असताना आठवलं की फळ चालतं. आमच्याकडे फळाला कधीच काही नव्हतं. माझे आजोबासुद्धा कोणाच्याही हातचं फळ खायचे. वडिलांनी पाहिलं अन् मान फिरवून ते पुन्हा व्यापाऱ्याशी संत्र्याच्या भावाचं बोलू लागले.

तेव्हा मी तिच्या डब्याकडे बोट केलं. "मला थोडं द्या त्यातलं."

तिने डबा उचलला, कानाशी धरून हलवला. आत तळाशी पाणी होतं. तिला खोकला आला, तो जाऊ दिला, मग झाकण उघडून एक घोट घेतला अन् झाकण घट्ट लावलं.

"मलेच पुरत नाई, बाबू. दिवस उतराचा आहे अजून."

अन् ती पुन्हा संत्रा निवडू लागली. मोठा एकीकडे, लहान एकीकडे.

माझ्या हातातला लोटा भरलेलाच होता. बाकीच्या बायांनीही मान हलवली, त्यांचंही घरून आणलेलं होतं. तो घेऊन परत घरात जायची हिंमत झाली नाही. मी बगीच्याच्या त्या टोकाला गेलो अन् एका झाडाच्या बुडाशी पाणी ओतलं.

परत आलो तेव्हा वडिलांनी विचारलं, "पाजलं काय साऱ्याईले?"

"हो," मी म्हटलं. "पाजलं."